कार्यकक्षेची एक ओळ



आजचा विषय पत्रिकेत वाचून काहींनी घरीच थांबायचं ठरवलं असेल, तर माझी तक्रार नाही. चौकशी आयोगाची कार्यकक्षा! यापेक्षा पंचांगातला एखादा कोठा रंजक वाटावा. तरीही आपण आलात. आता तासभर माझी शिक्षा भोगा.

आपल्याकडे मोठं काही घडलं, दंगल झाली, गोळीबार झाला, घोटाळा बाहेर आला, की पहिली मागणी होते न्यायालयीन चौकशीची. सरकार चार दिवस ताणून धरतं, पाचव्या दिवशी मान्य करतं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात न्यायमूर्तींचं नाव ठळक छापलेलं असतं, खाली मुदत असते, आणि बातमीच्या पार शेपटाला एक वाक्य असतं: आयोगाची कार्यकक्षा लवकरच स्पष्ट करण्यात येईल. आपण न्यायमूर्तींचं नाव वाचतो, ते कडक आहेत की मवाळ यावर चहा होतो, आणि शेपटाकडचं वाक्य तसंच राहून जातं. मी आज त्या वाक्याबद्दल बोलणार आहे.

आधी कायदा थोडक्यात सांगतो. चौकशी आयोग अधिनियम १९५२ सालचा. कलम ३ म्हणतं की सार्वजनिक महत्त्वाच्या निश्चित बाबीची चौकशी करायला सरकार आयोग नेमू शकतं, आणि सभागृहाने ठराव केला तर नेमावाच लागतो. आयोग साक्षीदाराला बोलावू शकतो, कागद मागवू शकतो, शपथेवर जबानी घेऊ शकतो. त्याला शिक्षा देता येत नाही. त्याचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो. आणि आयोगाने कशाचा शोध घ्यायचा, हे सरकार अधिसूचनेत लिहून देतं. ती चार-पाच कलमं म्हणजे त्याचं कुंपण. कुंपणापलीकडे न्यायमूर्तींनी पाय टाकला, की एखादा वकील उभा राहतोच: ‘माय लॉर्ड, हा मुद्दा कार्यकक्षेत येत नाही.’

आता मेख बघा. दंगलीत पोलीस कसे वागले याची चौकशी असते, तेव्हा पोलीस कोणाचे? सरकारचे. भूखंड कोणाच्या सहीने गेला? सरकारच्या. म्हणजे ज्याची परीक्षा, त्यानेच प्रश्नपत्रिका काढायची, आणि पेपर सुरू झाल्यावर एखादा प्रश्न बदलायचाही अधिकार त्याच्याकडेच. म्हणून सरकारने कार्यकक्षेला हात लावला की आपल्याला संशय येतो. तो यावाही. पण सरसकट आरडाओरडा करण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात, असं माझं मत आहे. हात कधी लावला? कोणाच्या सांगण्यावरून लावला? आणि त्या बदलामुळे चौकशीच्या आत कोण आलं, बाहेर कोण राहिलं? या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय बदल चांगला की वाईट, हे ठरत नाही.

सुरुवात पुण्यापासून करू.

नोव्हेंबर १९६४. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप भोगून गोपाळ गोडसे आणि विष्णू करकरे सुटले होते. त्यांच्या सुटकेप्रीत्यर्थ पुण्यात सत्यविनायकाची पूजा आणि सत्काराचा समारंभ झाला. अध्यक्षस्थानी होते गजानन विश्वनाथ केतकर, लोकमान्यांचे नातू आणि नावाजलेले संपादक. भाषणात ते सांगून गेले की नथुरामचा बेत आपल्याला आधीच ठाऊक होता. बातमी छापून आली आणि विधानसभेत, संसदेत आग लागली. हत्येच्या आधी माहिती होती? मग ती कोणाला दिली होती? आणि ज्यांना दिली, त्यांनी काय केलं?

केंद्राने १९६५मध्ये गोपाळ स्वरूप पाठक यांचा आयोग नेमला. पाठक पुढे मंत्री झाले, म्हणून नोव्हेंबर १९६६मध्ये निवृत्त न्यायमूर्ती जीवनलाल कपूर आले. या आयोगाचे प्रश्न मुद्दाम वाचावेत असे आहेत. कोणाला, विशेषतः केतकरांना, कटाची आगाऊ माहिती होती काय? ती त्यांनी कै. बाळूकाका कानिटकरांमार्फत कै. बाळ गंगाधर खेरांपर्यंत पोचवली काय? असल्यास मुंबई सरकारने, विशेषतः खेरांनी, आणि भारत सरकारने त्यावर काय कारवाई केली?

प्रश्नांत तीन माणसांची नावं आहेत आणि त्यांतले दोघं हयात नाहीत. माजी मुख्यमंत्री गेलेले, निरोप्या गेलेला. उत्तर द्यायला एकटे केतकर. ही भाषा बघून मला दर वेळी वाटतं की ज्याने मसुदा केला, त्याला पुण्यातल्या त्या एका समारंभापलीकडचं काही दिसत नव्हतं, किंवा बघायचं नव्हतं. यातलं कुठलं, ते आपण ठरवा.

कपूरांसमोर साक्षी सुरू झाल्या आणि प्रश्न अपुरा असल्याचं लवकरच दिसायला लागलं. २० जानेवारी १९४८ला बिर्ला भवनात स्फोट झाला आणि मदनलाल पाहवा जागच्या जागी पकडला गेला. बाकीचे निसटले. ३० जानेवारी यायला दहा दिवस होते. मदनलालच्या जबानीत पुण्याच्या एका वर्तमानपत्राच्या संपादकाचा उल्लेख होता. मुंबई प्रांताच्या गृहखात्याकडे वर्तमानपत्रांची यादी असे, आणि तिच्यात त्या पत्राच्या संपादकाचं नाव होतं: ना. वि. गोडसे. २१ जानेवारीला रुईया कॉलेजचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन मुंबईत खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना भेटले आणि मदनलाल आपल्याला काय बोलला होता, ते त्यांनी सांगितलं. मोरारजींनी त्याच संध्याकाळी पोलीस उपायुक्त नगरवाला यांना बोलावून तपास सोपवला. दिल्लीचे अधिकारी मुंबईत आले आणि परत गेले. नगरवाला गांधीजींच्या अपहरणाच्या कटामागे लागले. आणि यादीतलं ते नाव यादीतच राहिलं.

आता हे सगळं ‘सरकारने काय कारवाई केली’ या प्रश्नात बसतं का? सरकार म्हणजे कोण? खेर? सरदार पटेल? की मुंबईतला एक उपायुक्त आणि दिल्लीतला एक निरीक्षक? कागदावर सरकार म्हणजे मंत्री असं धरलं, तर चौकशी दोन-तीन दिवंगतांवर येऊन थांबते. २८ ऑक्टोबर १९६८ला गृहमंत्रालयाने अधिसूचना दुरुस्त केली. तिसऱ्या कलमात काही शब्द वाढले: सरकारांनी ‘आणि त्या सरकारांच्या अधिकाऱ्यांनी’ काय कारवाई केली.

एवढीच भर. पण तिच्यामुळे दिल्ली पोलीस, मुंबई पोलीस आणि पुण्याचं गुप्तवार्ता खातं हे सगळं निःसंशय कुंपणाच्या आत आलं. ‘कार्यकक्षेत नाही’ म्हणायला कोणाला जागा उरली नाही. कपूरांनी १०१ साक्षीदार तपासले आणि सप्टेंबर १९६९मध्ये अहवाल दिला. त्या दहा दिवसांतल्या पोलिसांच्या ढिलाईवर त्यांनी जे ताशेरे मारले, ते आजही वाचवत नाहीत. केतकरांच्या भाषणापासून निघालेली चौकशी पोलीस तपासाच्या फायलींपर्यंत गेली, त्याला त्या शब्दांचा मोठा आधार होता.

म्हणजे सरकारने मध्येच कार्यकक्षा स्पष्ट केली आणि त्यातून हित झालं, असंही घडलेलं आहे. ते का झालं? कारण साक्षी ऐकून झाल्यावर, प्रश्न कुठे तोकडा पडतोय हे कळल्यावर तो वाढवला. आणि वाढवला तो स्वतःच्या यंत्रणेकडे बोट जाईल अशा दिशेने.

याच्या आधीचंही एक प्रकरण आहे, दालमियांचं. ते पटकन सांगतो. डिसेंबर १९५६मध्ये केंद्राने दालमिया समूहाच्या कंपन्यांच्या कारभारासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एस. आर. तेंडोलकर यांचा आयोग नेमला. दहाव्या कलमात आयोगाला असंही विचारलं होतं की निवारण किंवा शिक्षा म्हणून काय कारवाई करावी, आणि पुढे असे प्रकार घडू नयेत म्हणून काय करावं. दालमिया कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने आयोग कायम ठेवला आणि त्या कलमाचा शेवटचा भाग काढला. १९५८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कात्री आणखी बारीक चालवली. प्रतिबंधाचा भाग राहू दिला, ‘निवारण किंवा शिक्षा म्हणून’ एवढे शब्द छाटले. आयोगाने सत्य शोधावं, शिक्षेच्या वाटेला जाऊ नये, हा त्यामागचा विचार. आज आपण आयोगांना दात नाहीत म्हणून ओरडतो. ते दात कुठे काढले गेले, हे बघायचं असेल तर तो निकाल वाचावा. मला तो पटतो. आपल्यातल्या अनेकांना पटणार नाही.

आता मुंबईकडे येऊ. इथे मला थोडा वेळ लागेल.

६ डिसेंबर १९९२ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. त्याच दिवशी मुंबईत दंगल सुरू झाली, ती शमली आणि जानेवारीत पुन्हा भडकली. आयोगाच्या आकड्यांप्रमाणे दोन्ही टप्प्यांत ९०० माणसं गेली: ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, बाकीचे इतर आणि अनोळखी. २५ जानेवारी १९९३ला सुधाकरराव नाईक यांच्या सरकारने न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांचा आयोग नेमला. कलमं पाच होती. परिस्थिती आणि तात्कालिक कारणं काय? व्यक्ती, गट किंवा संघटना जबाबदार होत्या काय? पोलिसांनी आधी पुरेशी खबरदारी घेतली होती काय? दंगल आवरताना केलेली कारवाई आणि गोळीबार योग्य होता काय? आणि पुढे काय करावं?

या कलमांचे काठ बघा. जागा: मुंबई पोलीस आयुक्तालयाची हद्द. काळ: डिसेंबरात ६ तारखेपासून, आणि पुन्हा जानेवारीत ६ तारखेपासून. म्हणजे दोन खिडक्या आणि मध्ये भिंत. पण त्या मधल्या दिवसांत मुंबई शांत होती का? डिसेंबरअखेर महाआरत्या सुरू झाल्या होत्या. डोंगरीत माथाडी कामगारांच्या हत्या झाल्या होत्या. वर्तमानपत्रं, त्यात मराठी वर्तमानपत्रंही आली, तेल ओतत होती. एखाद्या भित्र्या न्यायाधीशाने म्हटलं असतं, हे दिवस माझ्या खिडकीत येत नाहीत. श्रीकृष्णांनी ‘परिस्थिती’ या शब्दाचा आधार घेतला आणि मधले दिवस तपासले. कारण जानेवारीची कारणं जानेवारीत सापडणार नव्हती. कार्यकक्षा सरकार लिहितं हे खरं. पण ती कशी वाचायची, हे न्यायाधीशाच्या कण्यावर अवलंबून असतं.

आयोगाने शहर पोलीस ठाण्यांप्रमाणे तपासायला घेतलं. एकेक ठाणं, तिथली प्रतिज्ञापत्रं, तिथले साक्षीदार, तिथल्या पोलिसांची उलटतपासणी. काम चिकाटीचं आणि संथ. १९९५च्या मार्चमध्ये राज्यात शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं. ज्यांच्या वागण्याची चौकशी चालू होती, त्यांतले काही जण आता चौकशी नेमणाऱ्याच्या खुर्चीत होते. २३ जानेवारी १९९६ला मनोहर जोशी सरकारने आयोग गुंडाळला. जखमा भरत आल्यात, कशाला पुन्हा उकरता, असा सूर होता. त्याविरुद्ध आवाज उठला. मे महिन्यात दिल्लीत अटलबिहारी वाजपेयींचं तेरा दिवसांचं सरकार होतं, तिथूनही सांगणं आलं, आणि २८ मे १९९६ला आयोग पुन्हा उभा राहिला.

पण जसाच्या तसा नाही. पाच कलमांना आणखी कलमं जोडली होती. १२ मार्च १९९३च्या बॉम्बस्फोटांची परिस्थिती आणि कारणं काय? दंगली आणि स्फोट यांच्यात काही समान दुवा आहे काय? ते एकाच कटाचे भाग होते काय?

ऐकायला हे अगदी न्याय्य वाटतं. स्फोटांत २५७ माणसं मेली, त्यांची चौकशी नको? हवी. पण स्फोटांचा खटला तेव्हा टाडा न्यायालयात उभा होता. आरोपी, पुरावा, साक्षीदार सगळं तिकडे होतं. दंगलीसाठी मात्र या आयोगापलीकडे फारसं काही नव्हतं. तिथे खटले फाईलबंद होत होते, साक्षीदार घर सोडून दुसऱ्या उपनगरात गेले होते. ज्या बाबीला एक न्यायालय होतं, तिला दुसरं व्यासपीठ मिळालं. आणि ज्या बाबीला हा एकच आयोग होता, तिचा वेळ वाटला गेला. शिवाय शेवटच्या कलमात उत्तर आधीच बसवलेलं दिसतं. दंगल आणि स्फोट एकाच कटाचे भाग, असं एकदा सिद्ध झालं, तर दंगलीची जबाबदारी कोणाकडे सरकते, हे सांगायला नको.

आणि आता गंमत बघा. श्रीकृष्णांनी नव्या प्रश्नांचंही उत्तर दिलं. दंगली आणि स्फोट एकाच कटातून निघाल्याचं त्यांना दिसलं नाही. दुवा दिसला तो असा, की डिसेंबर-जानेवारीच्या दंगली हे मार्चच्या स्फोटांमागचं एक कारण ठरलं. ज्यांनी दुवा शोधा म्हणून सांगितलं, त्यांच्या हातात नको असलेला दुवा आला! प्रश्न लिहिणाऱ्याला उत्तरही लिहिता येतं, असं मानणाऱ्यांनी हे प्रकरण लक्षात ठेवावं.

अहवाल दिला गेला १६ फेब्रुवारी १९९८ला. कायद्याप्रमाणे सहा महिन्यांत तो कृती अहवालासह सभागृहापुढे ठेवावा लागतो. ६ ऑगस्टला ठेवला, दहा दिवस राखून. मुख्यमंत्र्यांनी तो एकतर्फी, हिंदूविरोधी म्हणून नाकारला. पुढे सरकारं बदलली. अहवाल लागू करू, अशी आश्वासनं निवडणुकीत देणारे सत्तेत आले आणि गेलेही. पोलिसांवरच्या कारवाईचा हिशेब करायला बसलात, तर फार वेळ लागणार नाही.

पीडितांच्या बाजूने हा बदल काय असतो, हेही जरा जवळून बघा. आयोग नेमला की वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते: अमुक तारखेपर्यंत प्रतिज्ञापत्रं दाखल करावीत. नवरा गमावलेली बाई मोहल्ल्यातल्या कार्यकर्त्याकडे जाते, तो वकिलाकडे नेतो. वकील तिची हकीकत कार्यकक्षेच्या कलमांत बसवतो. जे कलमात बसत नाही, ते गळतं. टंकलेखन होतं, नोटरीचा शिक्का बसतो. मग ती वाट बघते. वर्षाने बोलावणं येतं, त्या दिवशी तारीख पडते, रोज बुडतो. मध्येच आयोग बंद झाल्याचं कळतं. चार महिन्यांनी पुन्हा सुरू झाल्याचं कळतं, आता बॉम्बस्फोटांसकट. तिला वाटतं, माझं जे होतं ते अजून तिथे आहे ना? याचं उत्तर देणारा कोणी त्या कचेरीत बसलेला नसतो. कार्यकक्षेच्या बदलाची किंमत तिथे मोजली जाते, आणि ती कुठल्याही कृती अहवालात येत नाही.

इथे विरोधी पक्षांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. चौकशी जाहीर झाली की त्यांची ठरलेली मागणी असते: कार्यकक्षा व्यापक करा. गेल्या वीस वर्षांचं सगळं काढा. हे ऐकून सरकारला आतून आनंद होतो. व्यापक चौकशी म्हणजे लांब चौकशी, आणि लांब चौकशी म्हणजे निश्चिंती. कोरेगाव भीमाच्या आयोगाला २०१८मध्ये सुरुवातीला चार महिने दिले होते. मुदतवाढी मोजत बसलात तर हाताची बोटं पुरत नाहीत. उलट १९५८चं मुंद्रा प्रकरण आठवा. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंद्रांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे शेअर का घेतले, कोणाच्या सांगण्यावरून घेतले? प्रश्न मुठीत मावेल एवढा. न्यायमूर्ती एम. सी. छागलांनी मुंबईत उघड सुनावणी घेतली, गर्दी मावेना म्हणून बाहेर ध्वनिक्षेपक लावले, आणि २४ दिवसांत काम संपवलं. अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना जावं लागलं. काही आयोगांना चोवीस दिवसांत कचेरीसाठी जागासुद्धा मिळत नाही.

आणि अरुंद कार्यकक्षेचा नमुना हवा असेल तर २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतरची प्रधान समिती घ्या. राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन, दोघंही अनुभवी. पण समिती राज्याची, १९५२च्या कायद्याखालची नव्हे, म्हणून साक्षीला बोलावण्याचे अधिकार नाहीत. आणि केंद्राच्या गुप्तचर यंत्रणांनी काय केलं, हे तिच्या कक्षेबाहेर. समुद्रातून आलेल्या हल्ल्याची चौकशी मुंबई पोलिसांच्या आयुक्तालयापर्यंत येऊन थांबली. प्रधानांना दोष देऊन काय उपयोग? त्यांना तेवढंच विचारलं होतं.

मग करायचं काय? बाहेर काय चालतं बघू. ब्रिटनने कोविडच्या चौकशीसाठी मार्च २०२२मध्ये कार्यकक्षेचा मसुदा आधी जाहीर केला. अध्यक्षा बॅरोनेस हॅलेट यांनी त्यावर लोकांची मतं मागवली, वीस हजारांहून अधिक आली. शाळा बंद पडलेल्या मुलांचा आणि मानसिक आरोग्याचा नीट उल्लेख नाही, हे लोकांनी दाखवून दिलं. हॅलेट यांनी बदल सुचवले आणि जूनमध्ये सरकारने ते मान्य केले. तिथलं सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पण तिथल्या २००५च्या कायद्यात एक साधी गोष्ट आहे: कार्यकक्षा ठरवताना आणि बदलताना मंत्र्याने अध्यक्षाशी सल्लामसलत करायची. आपल्या १९५२च्या कायद्यात अशी अट नाही. ती घालायला घटनादुरुस्ती लागत नाही, एक पोटकलम पुरतं.

माझी मागणी एवढीच आहे. मसुदा पंधरा दिवस लोकांपुढे ठेवा. आयोग बसल्यावर बदल करायचा असेल, तर आयोगाचं लेखी मत घ्या आणि अधिसूचनेसोबत छापा. आणि नवी बाब जोडायचीच असेल, तर जुन्या बाबींवरचा अहवाल आधी मागून घ्या. श्रीकृष्णांकडून पहिल्या पाच कलमांचा अहवाल आधी मागवला असता, तर स्फोटांची कलमं जोडायला माझी हरकत नव्हती.

सभागृहात वकील दिसतायत, पत्रकार दिसतायत, कॉलेजची मुलं आहेत. पुढचा आयोग नेमला जाईल, तो फार लांब नसेल. त्या दिवशी न्यायमूर्तींच्या नावावर चर्चा करण्याआधी राजपत्रातली अधिसूचना मिळवा. ती दीड-दोन पानांची असते. तिच्यातली जागा, तारखा, आणि ‘अधिकारी’ हा शब्द आहे की नाही, एवढं तपासा, आणि नसेल तर आठ दिवसांच्या आत लेखी हरकत पाठवा. एकदा पहिला साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला, की हरकतीला फार उशीर झालेला असतो.